सिंगापूरचा लांब थांबा आणि व्हिसाचा गैरसमज

‘पुढचं तिकीट हातात असलं की चांगी विमानतळावरून व्हिसाशिवाय शहर पाहून येता येतं’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. भारतीय पासपोर्ट असेल तर त्यावर विसंबू नका. इमिग्रेशन ओलांडायला सिंगापूरचा व्हिसा लागतो, अगदी विमानतळाच्या मोफत शहर-सहलीलासुद्धा! विमानतळाला लागून असलेल्या ज्वेल मॉलमधला तो प्रसिद्ध धबधबाही इमिग्रेशनच्या पलीकडेच आहे. अलीकडून, टर्मिनल्समध्ये धावणाऱ्या स्कायट्रेनमधून, फक्त ओझरता दिसतो.

९६ तासांची व्हिसामुक्त सवलत आहे खरी, पण ऑस्ट्रेलिया, अमेरिका, ब्रिटन अशा ठरावीक देशांचा वैध व्हिसा असेल आणि तिसऱ्या एखाद्या देशाला जाता-येता थांबलात तरच. म्हणजे मुलांकडे मेलबर्नला निघालेल्या आईवडिलांना ती मिळू शकते. मुंबईहून बालीला निघालेल्यांना नुसत्या तिकिटावर नाही. आणि शेवटचा निर्णय इमिग्रेशन अधिकाऱ्याचाच असतो.