चिलटे मारण्यासाठी चिलटेच पोसावी लागतात

पावसाळा सरत आला की निपाणी-चिकोडी भागात, वेदगंगा-दूधगंगेकाठच्या गोठ्यांतून, दिवे लागणीला जनावरे पाय आपटू लागतात. जेमतेम १ ते ३ मिलिमीटरचे हे चिलट, ज्याला काही जण मुरकुट म्हणतात, मच्छरदाणीच्या जाळीतूनही आत शिरते. रक्त पिते ती केवळ मादी. माणसाचे खाजेवर निभावते. मेंढपाळाचे मात्र तसे नाही, कारण क्युलिकॉइडिस प्रजातीची ही चिलटे मेंढ्यांमध्ये निळ्या जिभेच्या रोगाचा विषाणू पसरवतात.

फवारणीने उडणारी चिलटे मरतात, पण शेणामुताने भिजलेल्या चिखलातील अळ्या बहुधा वाचतात. अशा अळ्यांवर जगणारा एक सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखा बारीक जंत, कॅलिफोर्नियात सापडला आणि १९८७ मध्ये त्याला हेलिडोमर्मिस मॅग्नापॅप्युला हे नाव मिळाले. त्याचे पिल्लू पाण्यातून पोहत अळीला गाठते, कातडी भेदून आत शिरते, तापमानानुसार साधारण दीड-दोन आठवडे तिच्या अंगातील द्रवावर वाढते आणि शेवटी तिचे अंग फाडून बाहेर पडते. अळी तिथेच मरते. बाहेर आलेला कृमी पुढे काहीही खात नाही, अंगातल्या शिदोरीवरच त्याचे मीलन आणि अंडी घालणे उरकते.

हा कृमी वाढवायचा, तर त्याला जिवंत अळीच द्यावी लागते. म्हणजे ज्यांचा नायनाट करायचा, त्या चिलटांनाच आधी प्रयोगशाळेत रक्त पाजायचे, त्यांच्या अळ्या ताटांत वाढवायच्या आणि मग त्या पाण्यात कृमीची पिल्ले सोडायची. इथे हात सैल सोडून चालत नाही. एका अळीत एकच पिल्लू शिरले तर बहुधा मादी तयार होते. अनेक शिरली तर वाट्याला अन्न कमी येऊन बहुतेक नरच निघतात, आणि नुसत्या नरांवर पुढची पिढी उभी राहत नाही. पिल्लांचे आयुष्यही अल्प असल्याने ती साठवून ठेवता येत नाहीत. डासांच्या अळ्यांवरचा असाच एक कृमी १९७० च्या दशकात अमेरिकेत विक्रीस आला होता, पण साठवण आणि वाहतूक यांतच तो अडला.

ती अमेरिकी जात उचलून रायबाग-अथणीच्या डबक्यांत सोडणे मला पटत नाही, कारण तिचा यजमान, म्हणजे ज्या चिलटाच्या अळीत ती वाढते ते चिलट, तिकडचे आहे आणि आपल्याकडे ऑक्सिस्टोमा, पेरेग्रिनस या चिलटांच्या जाती आढळतात. त्यापेक्षा गोठ्याच्या मोरीजवळचा चिखल चाळून, त्यातील अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्यात: अर्धपारदर्शक अंगात वेटोळे घातलेला पांढरा दोरा दिसला, तर इथलाच कृमी हाती लागला असे समजावे.