घातक रसायनांची वाहतूक : कोकणातील आपत्कालीन नियोजन व प्रशिक्षण

ज्वालाग्राही, विषारी किंवा दाहक माल रस्त्याने नेताना वाहन उलटले, गळू लागले किंवा पेटले, तर कोणी काय करायचे याची आगाऊ ठरवलेली आणि सरावाने अंगवळणी पाडलेली पद्धत. कारखान्याचा आपत्कालीन आराखडा फाटकापाशी संपतो. पुढे टँकर कोणत्या वळणावर आडवा होईल हे कोणी सांगू शकत नाही. तळोजा, पाताळगंगा, रोहा-धाटाव, महाड आणि लोटे-परशुराम या औद्योगिक वसाहतींचा माल, शिवाय उरण-जयगडकडचा एलपीजी, हे सगळे मुंबई-गोवा महामार्गाने आणि बोर, कुंभार्ली, आंबा या घाटांनी जाते. गणेशोत्सवात अवजड वाहनांना महामार्ग बंद करतात, पण इंधन आणि गॅसच्या टँकरना त्यातून बहुधा सूट असते. म्हणजे रस्ता चाकरमान्यांनी सर्वांत गच्च भरलेला असतो तेव्हाही हा माल त्याच रस्त्यावर असतो.

कायद्याची चौकट दोन नियमावल्यांत आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२९ ते १३७ माल पाठवणारा, वाहनमालक आणि चालक यांच्या जबाबदाऱ्या ठरवतात. नियम ९ नुसार चालकाला एक भारतीय भाषा व इंग्रजी वाचता-लिहिता येणे आणि तीन दिवसांचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. रासायनिक अपघात नियम, १९९६ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा संकट गट आणि त्याखाली स्थानिक गट असतो. जिल्हा गटाने वर्षातून एकदा, स्थानिक गटाने दर सहा महिन्यांनी पूर्ण रंगीत तालीम घ्यायची असते.

टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे माहितीफलक असतो. चालकाजवळचे ट्रेम कार्ड (मालाचे धोके आणि अपघातात काय करायचे हे सांगणारे पत्रक) चेपलेल्या केबिनमध्ये अडकून पडू शकते. त्यामुळे दुरून, शक्यतो दुर्बिणीने, हा फलक वाचता येणे हा प्रशिक्षणाचा पहिला धडा. पेट्रोलच्या फलकावर १२०३ हा संयुक्त राष्ट्र क्रमांक (पदार्थाची ओळख) आणि ‘३वायई’ हा हॅझकेम संकेत (काय करायचे त्याची खूण) दिसतो. ३ म्हणजे फोम (आग विझवणारा फेस) वापरा, वाय म्हणजे द्रव बांध घालून अडवा, गटारात जाऊ देऊ नका, आणि ई म्हणजे वस्ती हलवण्याचा विचार करा. सल्फ्युरिक आम्लाचा क्रमांक १८३०, संकेत ‘२पी’. पी असल्याने भरपूर पाण्याने विरल करायला परवानगी आहे, पण ‘भरपूर’ हा शब्द महत्त्वाचा. साचलेल्या तीव्र आम्लावर बादलीभर पाणी टाकले तर ते उकळून अंगावर उडते. क्लोरीनच्या ९०० किलोच्या टोनरमधून (मोठ्या आडव्या सिलिंडरमधून) गळती होत असेल तर भोकावर पाणी मारायचे नाही. पाण्याशी आम्ल तयार होऊन भोक मोठे होते. टोनर फिरवून गळती वर आणायची, म्हणजे द्रव बाहेर न पडता वायू पडतो. द्रव क्लोरीनचा वायू झाला की त्याचे आकारमान सुमारे ४६० पट होते.

पहिली वीस मिनिटे चालक, क्लीनर आणि शेजारच्या वाडीची. इंजिन व मुख्य स्विच बंद करणे, कार्ड घेऊन वाऱ्याच्या वरच्या बाजूला जाणे, ११२ ला फलकावरचा क्रमांक आणि मालाचे नाव सांगणे, एवढे झाले तरी पुष्कळ. प्रत्यक्षात बघे जमतात, कोणी मोबाइलवर चित्रण करतो, आणि डिझेल सांडले असेल तर कॅनही बाहेर निघतात. पोलीस पाटील आणि सरपंचांना दोन अंतरे पाठ हवीत: एलपीजी गळती असेल तर सर्व बाजूंनी किमान १०० मीटर, एलपीजीच्या टँकरला आग लागली असेल तर १६०० मीटर. एलपीजी हवेहून जड असल्याने पाखाडीने (पायऱ्यांच्या पायवाटेने) खाली उतरून चुलीपर्यंत जातो. त्यामुळे वाडी हलवताना महावितरणला वीज तोडायला सांगावी लागते. घराघरांतून दिव्याची बटणे दाबून वीज बंद करण्याचा आग्रह धरू नये, बटणाची ठिणगी पुरेशी असते.

वाऱ्याबाबत किनारपट्टीवर एक चूक वारंवार होते. दिवसा वारा समुद्राकडून सह्याद्रीकडे, रात्री उलट. दुपारी ठरवलेली ‘सुरक्षित जागा’ रात्री गळलेल्या वायूच्या ढगाच्या वाटेत येते. ढग अंगावर येत असेल तर वाऱ्याला काटकोनात बाहेर पडायचे. घाटात आणखी एक बाजू असते, खालचे वळण. १३ जून २०२३ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बोरघाटातील पुलावर टँकर पेटला तेव्हा जळता द्रव खालच्या रस्त्यावर पडून तिथले लोक होरपळले. म्हणून आराखड्यात वरच्या रस्त्याबरोबर खालचाही रस्ता बंद करण्याची नोंद हवी.

उलटलेला भरलेला टँकर क्रेनने उचलू नये. पट्ट्याखाली टाकीवर ताण येतो, व्हॉल्व्ह मोडतो. आधी दोन्ही वाहने अर्थिंगने जोडून माल दुसऱ्या टँकरमध्ये ओढतात, हवेतला गॅस स्फोट होण्याच्या किमान प्रमाणाच्या १० टक्क्यांवर गेल्याचे गॅसमापक दाखवू लागला की काम थांबवतात. सप्टेंबर २०२२ मध्ये लांज्याजवळच्या अंजणारी पुलावरून एलपीजीचा टँकर काजळी नदीत कोसळला, तेव्हा महामार्ग बराच वेळ बंद ठेवावा लागला. आराखड्यात पर्यायी मार्ग लिहिलेला असतोच, तो अवजड वाहने पेलेल का हे पावसाळ्यात जाऊन पाहिलेले असावे.

श्वसनयंत्राचा, म्हणजे विषारी हवेत शिरताना पाठीवर घ्यायच्या हवेच्या सिलिंडरचा, हिशेब सरावातच कळतो. ६ लिटरच्या, ३०० बार दाबाच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८०० लिटर हवा असते. कागदावर ती ४५ मिनिटे पुरते, मे महिन्याच्या दमटपणात चढावर संरक्षक पोशाख घालून बरीच कमी. फोमचेही तसेच. मेथनॉलच्या आगीवर साधा फोम विरून जातो, अल्कोहोल-रोधक फोम लागतो, आणि तिची ज्वाला उन्हात जवळजवळ दिसत नाही.

बहुतेक तालमी सकाळी अकराला, कोरड्या हवेत, वसाहतीच्या मैदानावर होतात. खरी परीक्षा जुलैत रात्री असते, मोबाइलची रेंज गेलेली आणि पऱ्ह्या (ओढा) भरून वाहत असताना. सांडलेले आम्ल जांभ्यातून झिरपते, पऱ्ह्यातून नदीत जाते, भरतीच्या वेळी खाडीतून उलटे वर सरकते. त्यासाठी नळपाणी योजनेच्या जॅकवेलचा (नदीकाठच्या पाणी उपसण्याच्या विहिरीचा) पंप बंद करणारा माणूस तालमीत हजर हवा. आम्ल सांडले असेल तर पाण्याचा पीएच (आम्लतेचे माप) ६.५ ते ८.५ मध्ये येईपर्यंत पंप सुरू करायचा नाही. द्रावक किंवा कीटकनाशक असेल तर पीएच काहीच सांगत नाही, नमुना प्रयोगशाळेतून येईपर्यंत वाडीला टँकरचेच पाणी.