मांसाहारी डायनासोरांचे पाऊलठसे

दोन पायांवर चालणाऱ्या थेरोपॉड गटातील डायनासोरांच्या पावलांचे खडकात टिकलेले ठसे. हाडे मेलेल्या प्राण्याची असतात आणि ती पुरात दूरवर वाहून गेलेलीही असू शकतात. ठसा जिवंत प्राण्याचा असतो आणि उमटला तिथेच राहतो. म्हणूनच हाडांपेक्षा ठसे काही बाबतींत अधिक बोलके.

बहुतेक ठशांत तीन बोटे दिसतात. मधले बोट सर्वांत लांब, टाच अरुंद आणि बोटांच्या टोकाशी नखांच्या अणकुचीदार खुणा. निफाडच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा माग काढणाऱ्यांना त्याच्या ठशात सहसा नखे दिसत नाहीत, कारण चालताना तो ती आत ओढून घेतो. थेरोपॉडची नखे मात्र चिखलात रुतत. झाडपाला खाणाऱ्या ऑर्निथोपॉडांचे ठसेही तीन बोटांचेच, पण रुंद, बोथट बोटांचे आणि गोलसर टाचेचे. चिखल पातळ असला की हा फरक पुसट होतो. अशा वेळी एकट्या ठशावरून निवाडा करू नये, पावलांची सलग रांग पाहावी.

ठसा नेमका कोणत्या प्राण्याचा हे क्वचितच कळते, म्हणून ठशांना वेगळी नावे देतात. यूब्रॉन्टिस आणि ग्रॅलेटर ही त्यांतली प्रसिद्ध नावे. अमेरिकेतील कनेटिकट खोऱ्यातल्या अशा ठशांचे वर्णन भूवैज्ञानिक एडवर्ड हिचकॉक यांनी 1836 मध्ये केले. ते त्यांना प्रचंड पक्ष्यांचे वाटले. पक्षी थेरोपॉडांचेच वंशज असल्याने हा अंदाज आज फारसा दूरचा वाटत नाही. भारतात जैसलमेरजवळ थईयात येथे ज्युरासिक काळातील खडकांत यूब्रॉन्टिस आणि ग्रॅलेटर या दोन्ही प्रकारचे ठसे मिळाले आहेत.

पावलाच्या लांबीची साधारण चौपट म्हणजे कमरेची उंची. 30 सेंमी पाऊल असेल तर सुमारे 120 सेंमी. ही उंची आणि ढांगेचे अंतर यांवरून वेग काढण्याचे सूत्र ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ मॅकनील अलेक्झांडर यांनी 1976 मध्ये मांडले.

नाशिककरांना ब्रह्मगिरी किंवा अंजनेरीच्या कातळात असे ठसे शोधावेसे वाटणे स्वाभाविक आहे. पण हा कातळ सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसॉल्ट. ठशाला ओला गाळ लागतो, आणि तो सुकल्यावर वरून दुसऱ्या गाळाचे पांघरूण. तापल्या लाव्हावर कोणी चालणार नाही, आणि थिजलेल्या कातळात पाऊल रुतत नाही. तिथले खळगे वायूच्या बुडबुड्यांनी, झिजेने किंवा पाण्याने झालेले. दोन लाव्हा-प्रवाहांच्या मधल्या काळात साचलेल्या गाळाच्या थरांतच काय ती आशा. डायनासोरांची हाडे आणि अश्मीभूत विष्ठा महाराष्ट्रात मिळाली ती चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे, लाव्हाच्या खालच्या, लामेटा नावाच्या गाळाच्या थरांत.