हृदयातील मूर्तिपूजा

बायबलमधून आलेली, विशेषतः ख्रिस्ती धर्मविचारात रुजलेली संकल्पना. देवावर टाकायचा भरवसा माणूस दुसऱ्या कशावर टाकतो, तेव्हा समोर घडवलेली मूर्ती नसली तरी पूजा चाललेलीच असते, हा तिचा आशय. तिचे मूळ बायबलच्या जुन्या करारातील यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात, १४व्या अध्यायात आहे. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासात इस्राएलाचे काही वडीलजन संदेष्ट्यापुढे येऊन बसतात. देवाचा शब्द विचारायलाच आलेले असतात ते. तरी यांनी मनात मूर्ती स्थापल्या आहेत, असे देव यहेज्केलाला सांगतो. हा आरोप देवाच्या दारी येऊन बसलेल्यांवर आहे, म्हणूनच तो जिव्हारी लागतो.

येशूचा प्रेषित पौल आपल्या पत्रात लोभालाच मूर्तिपूजा म्हणतो (कलस्सै ३:५). दहा आज्ञांपैकी पहिलीचा, म्हणजे दुसरे देव न मानण्याच्या आज्ञेचा, अर्थ उलगडताना जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने १५२९ मध्ये लिहिले की, मन ज्याला चिकटते आणि ज्यावर विसंबते तोच माणसाचा देव. धन ही त्याच्या मते जगातली सर्वांत सर्रास मूर्ती. विद्या, सत्ता, मैत्री आणि मानमरातब यांनाही त्याने सोडलेले नाही.

मूर्ती होऊन बसणारी गोष्ट बहुधा चांगली असते, कधी तर देवानेच दिलेली. सापांच्या दंशाने इस्राएली लोक मरू लागले तेव्हा त्यांचा पुढारी मोशे याने देवाच्या सांगण्यावरून पितळेचा साप खांबावर लावला. त्याकडे पाहणारा वाचे (गणना २१). पुढे लोक त्याच सापापुढे धूप जाळू लागले आणि अखेर राजा हिज्कीयाने त्याचे तुकडे केले (२ राजे १८:४). मुले, नोकरी, आरोग्य, अगदी मंडळीतली सेवासुद्धा याच वाटेने जाऊ शकते.

मूर्तीची ओळख पटते ती सोडण्याची वेळ येते तेव्हा. मार्काच्या शुभवर्तमानाच्या १०व्या अध्यायातला धनवान माणूस लहानपणापासून आज्ञा पाळत आलेला. येशू त्याच्याकडे प्रेमाने पाहतो आणि सर्व विकून गरिबांना द्यायला सांगतो. तो खिन्न होऊन निघून जातो. मात्र गमावल्याचे प्रत्येक दुःख मूर्तिपूजा ठरत नाही. मित्र लाजराच्या मरणाने येशूही रडला.

म्हणून भरवसा म्हणजे माया आटवणे नव्हे. प्राचीन ख्रिस्ती धर्मविचारक ऑगस्टीन प्रेमाच्या क्रमाबद्दल बोलतो: देव प्रथम, बाकीचे आपापल्या जागी. देवाने मागितले म्हणून मोरिया डोंगरावर अब्राहामाने आपल्या लाडक्या मुलाला, इसहाकाला, वेदीवर बांधले, सुरा उचलला, तेवढ्यात थांबवणारी हाक स्वर्गातून आली. होमासाठी झुडपात शिंगे अडकलेला एडका मिळाला आणि इसहाक जिवंत राहिला.