आतडं कापल्यावर जठर का खवळतं?

आतड्याला पीळ पडला, त्याच्या धमनीत गुठळी अडकली किंवा क्षयाने ते ठिकठिकाणी आवळून गेलं, तर सर्जनला लहान आतड्याचा मोठा भाग काढून टाकावा लागतो. नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: आता खाल्लेलं अंगी लागणार कसं? प्रश्न रास्तच आहे. पण ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत खरा गोंधळ अनेकदा जठरात चाललेला असतो. त्याला सुरीचा स्पर्शही झालेला नसतो, तरी तिथे गरजेपेक्षा कितीतरी जास्त आम्ल पाझरू लागतं.

एरवी जठर दिवसाला साधारण 2 लिटर रस बनवतं. अन्नाचा नुसता वास आला तरी मेंदूकडून निरोप जातो आणि रस सुटायला लागतो. पुढे अन्न जठरात पोचलं की जठराच्या खालच्या टोकातून गॅस्ट्रिन नावाचं हार्मोन रक्तात उतरतं. त्याच्यामुळे जठराच्या अस्तरातल्या पेशी हिस्टामिन सोडतात, आणि आम्ल बनवणाऱ्या पेशी जोमाने कामाला लागतात. चालू करण्याची व्यवस्था ही अशी. मग थांबवतं कोण? मुख्यतः पुढे बसलेलं लहान आतडं.

आतडं असं रक्तावाटे निरोप धाडतं, हे पहिल्यांदा दिसलं 1902 साली लंडनमध्ये. बेलिस आणि स्टारलिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका वळशाकडे जाणाऱ्या सगळ्या नसा तोडल्या आणि त्यात आम्ल सोडलं. नसा नसतानाही स्वादुपिंडातून रस वाहू लागला. आतड्याच्या अस्तराचा अर्क शिरेत टोचला तरी तेच. या द्रव्याला त्यांनी सिक्रीटिन म्हटलं. 1905 साली एडकिन्स यांनी गॅस्ट्रिनची कल्पना मांडली, पण हिस्टामिननेही आम्ल वाढतं हे कळल्यावर त्यांच्यावर कोणी फारसा विश्वास ठेवेना. लिव्हरपूलच्या ग्रेगरी आणि ट्रेसी यांनी डुकरांच्या जठरांतून शुद्ध गॅस्ट्रिन वेगळं काढलं ते थेट 1964 मध्ये. एडकिन्स तोवर हयात नव्हते.

आता उलट बाजू. तुपकट जेवणानंतर जठर सुस्तावतं, ही गोष्ट शरीरशास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होती. स्निग्ध पदार्थ आतड्यात पोचले की तिथून रक्तात काहीतरी सुटतं आणि ते आम्लाला लगाम घालतं, हे कोसाका आणि लिम यांनी 1930 मध्ये दाखवलं. ते द्रव्य एकच असेल अशी अपेक्षा होती, पण पुढे अशी अनेक हार्मोन्स सापडली. सिक्रीटिन त्यांतलंच एक.

आतड्याचा मोठा भाग गेला की या लगामांचा बराच साठा त्याच्याबरोबर जातो. शिवाय रक्तातलं गॅस्ट्रिन मोडून टाकण्यातही लहान आतड्याचा वाटा असतो, तोही कमी होतो. परिणामी रक्तातलं गॅस्ट्रिन चढतं. फार मोठा भाग काढलेल्या साधारण निम्म्या रुग्णांत असं घडतं. अपेंडिक्सच्या किंवा आतड्याचा छोटा तुकडा काढण्याच्या ऑपरेशननंतर ही भीती बाळगायचं कारण नाही. निरोगी माणसाचं लहान आतडं काही मीटर लांब असतं. त्यातलं 2 मीटरपेक्षा कमी उरलं तर डॉक्टर ‘शॉर्ट बॉवेल’ची भाषा करतात, आणि हा सगळा प्रकार तिथला.

या आम्लाने छातीत जळजळ होते, कधी अल्सर होतो. पण मला त्याहून मोठं वाटतं ते दुसरं नुकसान. स्वादुपिंडाचं लायपेज, म्हणजे चरबी पचवणारं एन्झाइम, तीव्र आम्लात निकामी होतं. पित्तातली आम्लंही विरघळलेली राहत नाहीत, साका धरतात. म्हणजे जे थोडंसं आतडं उरलंय, तेही धड काम करू शकत नाही. चरबी न पचता तेलकट, पातळ शौचावाटे बाहेर पडते, आणि जठराचा जादा रसही त्यात मिसळून पाणी आणि क्षार घेऊन जातो. म्हणून अशा रुग्णाला ‘पोटात जळजळ नाही, मग अ‍ॅसिडिटीची गोळी कशाला?’ असं विचारून गोळी बंद करायला लावणारे हितचिंतक घातक ठरू शकतात. ती गोळी इथे पचन आणि पाणी वाचवण्यासाठी असते.

1976 मध्ये सिमेटिडिन येईपर्यंत आम्लाला रोखणारं असं प्रभावी औषध नव्हतं. काही सर्जन मेंदूचा निरोप जठराकडे नेणारी व्हेगस नस कापायचे. आजच्या ओमेप्राझोलने ते काम सोपं केलंय, तरी त्यातही एक गंमत आहे. आम्लात नष्ट होऊ नये म्हणून त्याच्या दाण्यांवर आवरण असतं, ते लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उघडतं आणि औषध तिथेच शोषलं जातं. तोच भाग फार आखूड उरला असेल तर गोळी पुरत नाही, शिरेतून औषध द्यावं लागतं.

काही महिन्यांत उरलेल्या आतड्याच्या आतले बोटांसारखे बारीक अंकुर लांब होतात, अस्तर जाड होतं, आणि आम्लही बहुधा 6 ते 12 महिन्यांत आटोक्यात येतं. मग डॉक्टर डोस तपासून कमी करत नेतात. कारण जंतूंना अडवणारं आम्ल फार काळ दाबून ठेवलं, तर उरलेल्या आतड्यात त्यांची गर्दी वाढू शकते. आणि आपल्या मनाने गोळी एकदम बंद केली, तर दबलेलं आम्ल काही काळ उलट उसळतं.