किल्ली फिरवताना मनगट फिरत नाही

कुलपात किल्ली फिरवली की मनगट फिरलं, असं बहुतेकांना वाटतं. करून बघा: कोपर अंगाशी दुमडून ठेवा, दुसऱ्या हाताने मनगटाच्या थोडं वर करकचून धरा आणि तळहात उताणा-पालथा करा. जवळजवळ जमत नाही. मनगट तर मोकळंच आहे. तुम्ही अडवलीत ती त्याच्या वरची दोन हाडं.

अंगठ्याकडचं रेडिअस, करंगळीकडचं अल्ना. अल्ना बव्हंशी जागेवर राहतं आणि रेडिअस तळहाताला घेऊन त्याच्याभोवती फिरतं. मनगटामागे करंगळीच्या बाजूला टेंगळासारखा उंचवटा लागतो, ते अल्नाचं डोकं. हात फिरवणारा या दोन हाडांचा सांधा तिथेच आहे. शाळेत शिकलेल्या बिजागरीच्या आणि उखळीच्या सांध्यांत तो बसत नाही.

त्याची खरी गंमत मापात आहे. अल्नाच्या डोक्याच्या गोलाईची त्रिज्या साधारण १० मिलिमीटर, तर ते ज्या खाचेत टेकतं त्या रेडिअसवरच्या खाचेची सुमारे १५. म्हणजे वाटीत नव्हे, बशीत ठेवलेलं लिंबू! त्यामुळे हाड नुसतं फिरत नाही, फिरता फिरता पुढेमागे घसरतंही. सांधा जागेवर धरून ठेवण्यात हाडांचा वाटा जेमतेम पाचवा हिस्सा. बाकी काम अस्थिबंधांचं, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या चिवट पट्ट्यांचं. रेडिअसच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोन अस्थिबंध निघतात आणि प्रत्येकाचे वरवरचे व खोलवरचे असे दोन पदर होतात. खोल पदर अल्नाच्या टोकाशी असलेल्या खळग्यात रुततात. फिरण्याचा अक्षही त्या खळग्यातूनच जातो. हात पालथा केला की मागच्या बंधाचा वरवरचा पदर आणि पुढच्या बंधाचा खोल पदर ताणला जातो. उताणा केला की नेमकं उलट. या दोन बंधांच्या मधे कूर्चेची पातळ चकती असते.

हात टेकून पडल्यावर अनेकदा रेडिअस मोडतं. डब्लिनच्या अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये, क्ष-किरणांच्या शोधाआधी ८१ वर्षं, या मोडीचं वर्णन केलं. प्लास्टर निघतं, हाड जुळलेलं असतं, तरी ओला कपडा पिळताना करंगळीकडे कळ येते. कधी खोल पदर सुटलेला असतो, कधी रेडिअस आखूड होऊन जुळलेलं असतं. अल्ना एरवी मनगटावरचा सुमारे २० टक्के भार उचलतं. ते तुलनेने अडीच मिलिमीटर लांब झालं की हा भार ४० टक्क्यांच्या आसपास जातो आणि चकती भरडली जाते. अशा वेळी शस्त्रक्रियेत अल्नाचा तेवढा तुकडा काढून हाड आखूड करतात.

‘हाड सरकलंय, बसवून देतो’ म्हणत मनगटाला हिसका देणाऱ्याकडे मात्र जाऊ नका. सुटलेला पदर हिसक्याने चिकटत नाही. चुंबकाच्या कड्याने तर नाहीच. चकतीच्या कडेला रक्तपुरवठा असतो, तिथली फाट टाके घालून भरून येऊ शकते. मधल्या भागात रक्तवाहिन्याच नाहीत, म्हणून तिथला फाटका काठ दुर्बिणीतून नुसता तासून गुळगुळीत करतात.