पार्श्वभूमी: ‘ए’ आणि ‘बी’ सेल दुकानात का नसतात

पेन्सिल सेल, बारीक पेन्सिल सेल आणि मोठा सेल. मुंबईत कोपऱ्यावरच्या दुकानात या तीन नावांवर काम भागतं. वेष्टनावर डबल ए, ट्रिपल ए आणि डी छापलेलं असतं. मधल्या मापाच्या ‘सी’साठी विजेच्या सामानाच्या बाजारात, लोहार चाळीपर्यंत जावं लागतं. नुसता ‘ए’ किंवा ‘बी’ मात्र तिथेही मागून मिळत नाही.

डी मापाचा सेल १८९८चा, तो विजेरीसाठी निघाला. पुढे जो तो कारखाना आपापल्या मापाचे सेल काढू लागला, म्हणून पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत उत्पादक आणि सरकारी खात्यांनी मापं एकसारखी केली. १९२४ मध्ये त्यांना नावं देण्यासाठी पुन्हा बैठक झाली. सर्वांत लहान तो ए, मग बी, सी, डी. टेलिफोनला लागणारा ‘सहा नंबर’चा उंच सेल खूप चालत होता, म्हणून त्याला जुन्याच नावाने राहू दिलं. अक्षरं लहानापासून सुरू करण्याचा हा निर्णय मला चुकीचाच वाटतो. ‘ए’च्या खाली जागाच उरली नाही. त्याहून बारीक सेलांसाठी तेच अक्षर दोनदा, तीनदा लिहावं लागलं. डबल ए बाजारात १९०७ पासून होता, पण प्रमाणित मापांत त्याचा समावेश व्हायला १९४७ उजाडलं.

या अक्षरांचा खरा गोंधळ रेडिओमुळे झाला आहे. मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं, तेव्हा व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांचे रेडिओ होते आणि त्यातले पुष्कळसे बॅटरीवर चालत. अशा सेटला तीन वेगळ्या बॅटऱ्या लागत. व्हॉल्व्हची तार तापवणारी ती ‘ए’ बॅटरी, अवघ्या काही व्होल्टची. व्हॉल्व्हमधल्या प्लेटला विद्युत दाब (व्होल्टेज) देणारी ‘बी’, ४५ किंवा ९० व्होल्टची. व्हॉल्व्हमधल्याच ग्रिड नावाच्या जाळीला ऋण दाब देणारी ती ‘सी’. ही अक्षरं मापाची नव्हेत, कामाची आहेत. ९० व्होल्टच्या ‘बी’ बॅटरीत दीड व्होल्टचे साठ सेल एकामागोमाग जोडलेले असत. तिचा आणि बी मापाच्या एका सेलचा नावापलीकडे काही संबंध नाही. ब्रिटिश वळणाच्या पुस्तकांत याच बॅटऱ्यांना अनुक्रमे एल.टी. (लो टेन्शन), एच.टी. (हाय टेन्शन) आणि ग्रिड बायस म्हणत, आणि आपल्याकडेही एच.टी. हाच शब्द रुळला. त्यामुळे जुन्या अमेरिकन सेटच्या पाठीवर ‘बी’ दिसलं की चोर बाजारात भलताच सेल शोधणारे आजही भेटतात. ‘व्हॉल्व्ह गेले म्हणून बी सेल गेला’ ही समजूतही इथूनच आली. व्हॉल्व्हबरोबर गेली ती बी बॅटरी.

त्यात मराठीत आपण टॉर्चलाच बॅटरी म्हणतो आणि आतल्या नळकांड्याला सेल. निदान सेलच्या बाबतीत आपली बोली अचूक आहे: एक नळकांडं म्हणजे एकच सेल, अनेक सेल जोडले की बॅटरी.

बी सेल मागे पडला तो मापामुळे. त्याचा व्यास २१.५ मिलिमीटर, उंची ६०. सीचा व्यास २६.२, उंची ५०. आकारमान काढून पाहिलं तर बी साधारण २२ घन सेंटिमीटर भरतो आणि सी २७. इतक्या थोड्या फरकासाठी दुकानदार दोन माल कशाला ठेवील? ‘ए’ सेलचंही तेच झालं. तो १७ मिलिमीटर जाड, डबल ए साडेचौदा, उंची जवळपास सारखी. रसायन तेच असल्याने चौघांचाही दाब दीड व्होल्टच, म्हणजे निवड उरते ती फक्त किती वेळ चालेल आणि हातात किती जड लागेल याची. जपानी क्रमांकांत तर मोठ्याकडून लहानाकडे यूएम-१ म्हणजे डी, यूएम-२ म्हणजे सी आणि यूएम-३ म्हणजे थेट डबल ए. मधल्या बी आणि एला क्रमांकच नाही.

ट्रान्झिस्टर आल्यावर आपल्याकडच्या अनेक घरांत मोठे सेलच लागत, काही टू-इन-वनमध्ये (रेडिओ आणि कॅसेट एकत्र) सी. मग १९७९ मध्ये वॉकमन आला आणि दोन पेन्सिल सेलांवर कॅसेट वाजू लागली. लहान सेलात भागत असेल तर कोणी मोठा घेत नाही. भिंतीवरच्या घड्याळाने पेन्सिल सेल पक्का केला, रिमोटने बारीक पेन्सिल.

ए आणि बी नष्ट मात्र झालेले नाहीत. युरोपातल्या साडेचार व्होल्टच्या चपट्या टॉर्च-बॅटरीत बी मापाचे तीन सेल शेजारी शेजारी बसवतात. ए व्यासाचे चार्ज होणारे सेल जुन्या लॅपटॉपच्या पॅकमध्ये असत. मल्टिमीटरची ९ व्होल्टची चौकोनी अल्कलाईन बॅटरी उघडली, तर पुष्कळदा आत सहा अगदी बारीक नळकांडी निघतात, जवळजवळ ‘एएएए’ (चार वेळा ए) मापाची.

मुंबईत मोठा सेल आज टिकला आहे तो गॅस गिझरमुळे. ठिणगीसाठी त्याला डी मापाचे दोन सेल लागतात. टॉर्चमध्ये आता बहुधा १८६५० हा लिथियम सेल असतो, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब. त्याच्या नावातच त्याचं माप लिहिलेलं आहे.